परदेशी कंपनीचा कारखाना आणि गावातली नोकरी : बातमीतल्या आकड्यांच्या मागे काय असतं?



आजचा विषय तुम्ही वर्षातून दोन-चार वेळा तरी बातम्यांत ऐकता. अमुक परदेशी कंपनी तमुक राज्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना काढणार, इतके हजार कोटी गुंतवणार आणि इतक्या हजार लोकांना रोजगार देणार. हस्तांदोलनाचा फोटो येतो. ज्या राज्याला कारखाना मिळाला तिथे पेढे वाटले जातात, ज्याच्या हातून गेला तिथे आरोप-प्रत्यारोप सुरू होतात. आठवडाभरात विषय मागे पडतो. पण त्या कारखान्यात ज्यांचं आयुष्य जाणार असतं, त्यांच्यासाठी खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

मी मूळचा उत्पादन विभागातला माणूस. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्नाटक आणि तमिळनाडूत. त्यामुळे आज बाजू घ्यायची नाही, यंत्र उघडून दाखवायचं. कारखाना येतो म्हणजे काय होतं, नोकऱ्या कुठे तयार होतात, त्या कोणाला मिळतात, आणि कंपनी निघून गेली तर मागे काय राहतं, हे क्रमाने बघू.

आधी कारखान्याच्या आत जाऊ

मोबाइल फोनचा कारखाना म्हटलं की लोकांना वाटतं, आत सगळे रोबोट असतील. अर्धं खरं आहे. फोनमधला मुख्य बोर्ड बनवायचं काम यंत्रंच करतात. एका जाळीतून बोर्डावर कथलाची पेस्ट छापली जाते, मग एक यंत्र तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असलेले सुटे भाग तासाला हजारोंच्या संख्येने त्यावर ठेवतं, आणि बोर्ड एका लांब भट्टीतून जातो. तिथे सुमारे २४०-२५० अंशांना पेस्ट वितळते आणि भाग जोडले जातात. या अख्ख्या लाइनवर माणसं मोजकीच. एक-दोन ऑपरेटर, एक तंत्रज्ञ, एक इंजिनिअर.

माणसं लागतात ती पुढे. तयार बोर्ड चौकटीत बसवायचा, कॅमेरा जोडायचा, बॅटरी चिकटवायची, केसासारख्या पातळ केबलचं टोक त्याच्या खाचेत दाबायचं, स्क्रीन लावायची, बारीक स्क्रू फिरवायचे, मग तपासणी, मग खोक्यात भरणं. ही कामं यंत्राला अजून सोयीची नाहीत. कारण फोनचं मॉडेल दर वर्षी बदलतं, आणि प्रत्येक वेळी नवं यंत्र बसवण्यापेक्षा माणसाला दोन आठवडे शिकवणं स्वस्त पडतं. हे वाक्य लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात हजारो नोकऱ्या का निघतात, याचं उत्तर त्यात आहे. आणि त्या नोकऱ्या टिकाऊ का नसतात, याचंही उत्तर त्यातच आहे.

लाइनवर प्रत्येकाला एकच काम असतं. समजा, तुमच्या वाट्याला चार स्क्रू आले. वीस-पंचवीस सेकंदांत चार स्क्रू लावायचे आणि फोन पुढे सरकवायचा. असं पाळीभर. पायात अँटिस्टॅटिक चपला, डोक्याला टोपी, हाताला पट्टा, आणि समोर लटकलेल्या बोर्डावर तासाचं टार्गेट. काम जड नाही, पण मान, डोळे आणि बोटं यांचा कस लागतो. हे मी तुच्छतेने सांगत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण एक केबल अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तर फोन परत येतो.

कंपन्या भारतात का आल्या?

याची तीन-चार कारणं एकाच वेळी जुळून आली.

पहिलं कारण चीन. तिथली मजुरी वाढत गेली, २०१८ पासून अमेरिका आणि चीन यांच्यात आयातकराची लढाई सुरू झाली, आणि कोविडच्या काळात तिथले कारखाने बंद पडले तेव्हा सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवल्याची किंमत कंपन्यांना कळली.

दुसरं कारण आपला आयातकर. २०१८ मध्ये केंद्राने तयार मोबाइल फोनवरचा कर २० टक्क्यांवर नेला. तयार फोन आणण्यापेक्षा सुटे भाग आणून इथे जोडणं परवडू लागलं. पुढे जुलै २०२४ मध्ये हा कर १५ टक्क्यांवर आणला, पण तोवर कारखाने उभे राहिले होते.

तिसरं कारण पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन. एप्रिल २०२० मध्ये मोठ्या प्रमाणावरच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी केंद्राने ४०,९५१ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. जितकी विक्री वाढेल, त्या वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के रक्कम सरकार कंपनीला देणार.

आणि चौथं कारण म्हणजे आपण स्वतः. इतका मोठा ग्राहकवर्ग दुसरीकडे कुठे मिळणार? नोएडात जुलै २०१८ मध्ये सॅमसंगच्या वाढवलेल्या कारखान्याचं उद्घाटन भारताचे पंतप्रधान आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यांच्या हस्ते झालं, त्यामागे मुख्यतः भारतीय बाजारपेठ होती.

परिणाम काय झाला? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये भारतातून सुमारे १,५०० कोटी रुपयांचे मोबाइल निर्यात होत होते. २०२४-२५ मध्ये हा आकडा २ लाख कोटींवर गेला, आणि त्यातले सुमारे दीड लाख कोटी एकट्या आयफोनचे. हे यश खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण निर्यातीचा आकडा आणि आपल्या हातात राहिलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महागडा चिप, स्क्रीन, मेमरी, कॅमेरा हे बहुतांश बाहेरून येतं. जोडणीच्या कामाचा फोनच्या किमतीतला वाटा थोडाच असतो. म्हणूनच केंद्राने मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली. ताट आपलं, वाढपी आपला, पण स्वयंपाक बाहेरचा, अशी आपली स्थिती होती. आता स्वयंपाकघरही इथे आणायचा प्रयत्न आहे.

श्रीपेरुंबुदुर : एकाच गावात दोन काळ

आता एक खरं उदाहरण घेऊ. चेन्नईपासून बंगळुरूकडे निघालात की साधारण चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदुर लागतं. भारतातल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची अख्खी गोष्ट या एका गावात वाचता येते.

कारखाने तिथेच का गेले? बंदर जवळ, विमानतळ जवळ, हमरस्ता दाराशी. राज्याच्या 'सिपकॉट' या महामंडळाने, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या भावंडाने, जमीन आधीच तयार ठेवलेली. शेजारच्या इरुंगाट्टुकोट्टैमध्ये १९९८ पासून ह्युंदाईच्या गाड्या बनत होत्या, त्यामुळे पुरवठादार, वाहतूकदार आणि आयटीआय झालेली पोरं यांची सवय त्या भागाला होती. थोडक्यात, कारखाना रिकाम्या माळावर येत नाही. आधी दहा-पंधरा वर्षं कोणीतरी मशागत केलेली असते.

२००५ मध्ये नोकियाने तमिळनाडू सरकारशी करार केला आणि २००६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तुमच्यापैकी अनेकांच्या हातातला पहिला फोन तिथलाच असेल. ऐन भरात त्या कारखान्यात थेट नोकरीवर सुमारे ८,००० माणसं होती, आणि आवारातले पुरवठादार धरले तर कित्येक हजार आणखी. त्यात तरुण मुलींचं प्रमाण मोठं होतं. बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या, शेतमजुराच्या घरातल्या मुली पहिल्यांदा पगार घेऊन घरी जात होत्या. त्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली, पक्की घरं बांधली गेली.

मग काय झालं? तीन गोष्टी एकदम कोसळल्या. टचस्क्रीनचा जमाना आला आणि नोकियाचे बटणांचे फोन मागे पडले. २०१३ मध्ये आयकर खात्याने कंपनीकडे सुमारे २,००० कोटींची मागणी केली. भारतातल्या कंपनीने सॉफ्टवेअरपोटी फिनलंडच्या मूळ कंपनीला दिलेल्या रकमेवर इथे कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं होतं. राज्य सरकारनेही विक्रीकरापोटी वेगळी मागणी केली. मालमत्ता अडकल्या. आणि एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने विकत घेतला, तेव्हा या वादांमुळे चेन्नईचा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला. १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद झाला. त्याच्या ऑर्डरवर जगणारा फॉक्सकॉनचा शेजारचा कारखानाही त्याच वर्षाच्या शेवटी थांबला.

कराचा वाद पुढे दोन्ही देशांच्या सरकारांमधल्या बोलणीतून २०१८ मध्ये मिटला. पण तोवर लाइन रिकामी झाली होती. कामगारांचं वय पंचवीस-तीस. हातात भरपाईचे काही लाख, आणि अनुभव कशाचा? एका विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट फोनला विशिष्ट भाग जोडण्याचा. तो अनुभव दुसऱ्या दारात फारसा चालत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीतला सगळ्यात मोठा धोका मी हाच मानतो. पगार कमी असतो हे खरं, पण त्याहून वाईट हे की पाच वर्षांनी माणूस सहसा तिथेच असतो जिथे तो पहिल्या दिवशी होता.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच पट्ट्यात फॉक्सकॉन पुन्हा उभी राहिली, या वेळी अॅपलसाठी, आणि २०१९ पासून तिथे आयफोन बनू लागले. नोकियाची रिकामी जागाही २०१९ मध्ये सॅल्कॉम्प या चार्जर बनवणाऱ्या कंपनीने घेतली. म्हणजे गाव सावरलं. पण २०१४ चे कामगार सावरले का? कारखान्याला नव्याने भरती करायची असते तेव्हा त्याला एकोणीस-वीस वर्षांची मुलं लागतात. तिशी ओलांडलेल्या, दोन लेकरांच्या आईला त्या रांगेत जागा नसते. गावाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

करार म्हणजे कारखाना नव्हे

आता आपल्या घरची गोष्ट. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने फॉक्सकॉनशी सामंजस्य करार केला. पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर, ५०,००० नोकऱ्या. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या उद्योगमंत्र्यांनीच सांगितलं की हा प्रकल्प आता होणार नाही. पुढे वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार म्हणून चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये करार गुजरातशी झाला. १ लाख ५४ हजार कोटी आणि एक लाख नोकऱ्या असे आकडे होते. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्याच्यावरून आपण भांडलो तो प्रकल्प त्या रूपात कोणालाच मिळाला नाही.

आणि हे फक्त भारतात घडतं असंही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात याच कंपनीने २०१७ मध्ये १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांचं आश्वासन दिलं होतं. २०२१ मध्ये सुधारित करार झाला तेव्हा गुंतवणूक उरली ६७ कोटी डॉलरच्या आसपास आणि नोकऱ्या उरल्या १,४५४.

यावरून कंपनी फसवी आहे असा निष्कर्ष काढू नका. सामंजस्य करार हा मुळात इरादा असतो, लग्नाच्या बोलणीसारखा. कंपनी एकाच वेळी चार राज्यांशी बोलते, भाव काढते, जागतिक मागणी बघते. म्हणून बातमी आली की पायऱ्या तपासा. जमिनीचा ताबा घेतला का? पर्यावरणाची परवानगी झाली का? विजेची जोडणी मागितली का? यंत्रांची ऑर्डर गेली का? पर्यवेक्षकांची भरती सुरू झाली का? शेवटची पायरी सगळ्यात विश्वासाची. कामगार भरायच्या पाच-सहा महिने आधी लाइन लीडर आणि तंत्रज्ञ घ्यावेच लागतात. ते दिसले की कारखाना येतोय असं समजा.

पगाराच्या चिठ्ठीवर नाव कोणाचं?

बातमीत 'दहा हजार नोकऱ्या' असं असतं. पण यातल्या किती नोकऱ्या कंपनीच्या आणि किती कंत्राटदाराच्या? हा प्रश्न पत्रकार परिषदेत क्वचितच विचारला जातो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात मागणी लाटेसारखी येते. नवा फोन बाजारात येण्याआधीचे काही महिने दिवसरात्र काम, नंतर मंदी. कंपनीला कायम माणसं नको असतात. म्हणून मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींमार्फत भरती होते. पोरगं सांगतं 'मी अमक्या मोठ्या कंपनीत आहे', पण पगाराच्या चिठ्ठीवर नाव तिसऱ्याच कोणाचं असतं. काही तक्रार निघाली की कंपनी एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी कंपनीकडे.

याचा स्फोट कसा होतो ते कोलारजवळच्या नरसापुरात दिसलं. विस्ट्रॉन या तैवानी कंपनीचा आयफोनचा कारखाना. थोड्या महिन्यांत कामगारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, त्यातले बहुसंख्य कंत्राटी. पाळी बारा तासांची केली, हजेरीची यंत्रणा गडबडली, पगार कापून आले. १२ डिसेंबर २०२० च्या सकाळी कामगारांचा उद्रेक झाला, तोडफोड झाली, अनेकांना अटक झाली. तोडफोडीचं समर्थन कोणी करणार नाही. पण नंतर विस्ट्रॉनने काही कामगारांना योग्य आणि वेळेवर पगार मिळाला नव्हता हे मान्य करून माफी मागितली आणि भारताची जबाबदारी असलेल्या उपाध्यक्षाला हटवलं. अॅपलने नवं काम देणं काही काळ थांबवलं. २०२३ मध्ये तो कारखाना टाटा इलेक्ट्रॉनिक्सने घेतला.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर बिघाड हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. माणसांच्या भाषेत सांगायचं तर दोन महिने पगार कापून येतोय आणि दाद मागायला खिडकीच नाही, अशी ती अवस्था होती.

दुसरा प्रसंग श्रीपेरुंबुदुरचा. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना इस्पितळात दाखल करावं लागलं. मैत्रिणींचं काय झालं हे कळेना, तेव्हा मुलींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग अडवला. कारखाना बंद ठेवावा लागला आणि तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. अॅपलनेही मान्य केलं की काही वसतिगृहं आणि भोजनगृहं त्यांच्या निकषांत बसत नव्हती. वसतिगृहं चालवणारे वेगळे कंत्राटदार होते. पुन्हा तेच, हात झटकायला मध्ये कोणीतरी.

पण या आंदोलनाचा परिणाम झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये वल्लम वडगाल इथे १८,७२० महिला कामगारांसाठी मोठी निवासी वसाहत सुरू झाली, 'सिपकॉट'ने सुमारे ७०६ कोटी खर्चून बांधलेली. त्याच सुमारास श्रीपेरुंबुदुरच्याच सॅमसंगच्या कारखान्यात, जिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनतात, कामगारांनी युनियनच्या मान्यतेसाठी ३७ दिवस संप केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या युनियनची नोंदणी झाली. सांगायचा मुद्दा हा की सोयी कारखान्याबरोबर आपोआप येत नाहीत. कोणीतरी मागितल्यावर येतात.

सरकार देतं किती, गावाला मिळतं किती?

आता थोडं गणित. हे काल्पनिक उदाहरण आहे, फक्त हिशेब कसा करायचा ते कळावं म्हणून.

समजा एका कंपनीची वाढीव विक्री वर्षाला १०,००० कोटी झाली आणि प्रोत्साहन ४ टक्के. म्हणजे सरकार देणार ४०० कोटी. त्या कारखान्यात २०,००० कामगार. भागाकार करा, माणशी २ लाख रुपये. आता कामगाराला महिना १५,००० धरले तर त्याचा वर्षाचा पगार झाला १ लाख ८० हजार. म्हणजे या उदाहरणात सरकार कंपनीला जेवढं देतंय, त्यापेक्षा कमी कंपनी कामगाराला देतेय.

हे ऐकून चिडायला होतं, पण घाई नको. दुसरी बाजूही मांडू. प्रोत्साहन नसतं तर कदाचित कारखानाच आला नसता. कामगाराच्या पगारातून किराणा, भाडं, रिक्षा, मोबाइल रिचार्ज असं सगळं चालतं. बसगाड्या, कँटीन, सुरक्षारक्षक, खोके बनवणारे, ट्रकवाले यांना काम मिळतं. निर्यातीतून डॉलर येतात. आणि प्रोत्साहन काही वर्षांचं असतं, कारखाना वीस वर्षं चालू शकतो.

'चालू शकतो' हा शब्द महत्त्वाचा. प्रोत्साहनाची मुदत संपल्यावरही कंपनी थांबावी असं वाटत असेल, तर तिचे पुरवठादार इथे रुजले पाहिजेत. फोन जोडणारी लाइन काही महिन्यांत उचलून दुसऱ्या देशात नेता येते. पण साचे बनवणारा, स्क्रू बनवणारा, बॅटरीचे सेल बनवणारा, कव्हरला रंग देणारा, असे पन्नास लहान-मोठे कारखाने भोवती उभे राहिले की उचलणं अवघड होतं. पुण्याजवळ रांजणगावात एलजी आणि इतर कंपन्यांच्या भोवती असे पुरवठादार दिसतात. म्हणून 'किती नोकऱ्या' याच्या जोडीला 'किती स्थानिक पुरवठादार' हा प्रश्न विचारायला हवा.

'स्थानिक' म्हणजे नेमकं कोण?

ज्यांची जमीन गेली त्यांना वाटतं, स्थानिक म्हणजे आमच्या तीन गावांतली पोरं. सरकारच्या लेखी स्थानिक म्हणजे राज्याचा रहिवासी. महाराष्ट्रात शासनाच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं धोरण आहे, पण त्या हिशेबात रांजणगावच्या कारखान्यात गडचिरोलीचा मुलगाही स्थानिकच. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदाच केला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

कंपनीचा कल वेगळाच असतो. मी भरतीच्या बैठकांना बसलोय. तिथे उघडपणे बोललं जातं की शेजारच्या गावातला मुलगा नको. सणाला घरी जातो, शेतीच्या दिवसांत दांडी मारतो, भांडण झालं तर गाव घेऊन येतो. लांबून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी पाळी चुकवत नाही. श्रीपेरुंबुदुरला वेल्लोर, तिरुवण्णामलै यांसारख्या जिल्ह्यांतून मुली येतात, अलीकडे ओडिशा-झारखंडसारख्या राज्यांतूनही. जमीन देणाऱ्याच्या वाट्याला मग बहुतेकदा खोल्या भाड्याने देणं, पाण्याचा टँकर, जेवणाचे डबे आणि गाड्या पुरवणं येतं. तोही रोजगारच आहे, आणि ज्यांनी वेळेवर ओळखला त्यांनी कमावलंही. पण 'प्रत्येक घरात नोकरी' हे आश्वासन त्या अर्थाने खरं ठरत नाही.

मुलीला पाठवू का?

मला येणाऱ्या प्रश्नांत सध्या हा प्रश्न सगळ्यात जास्त असतो. बीड, जळगाव, अगदी बेळगाव आणि इंदूरकडचे मराठी पालक विचारतात, भरतीचा मेळावा आहे, मुलगी बारावी किंवा आयटीआय झाली आहे, दूरच्या राज्यात पाठवू का?

माझं उत्तर असं की पाठवा, पण तारीख ठरवून पाठवा. दोन-अडीच वर्षं. आणि निघण्याआधी पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

नेमणूकपत्रावर नाव कोणाचं आहे, कंपनीचं की एजन्सीचं? एजन्सीचं असेल तर पीएफचा क्रमांक पहिल्या महिन्यातच मागा आणि दर महिन्याला मोबाइलवर जमा रक्कम तपासा. सांगितलेला पगार हातात येणारा आहे की कापाकापीच्या आधीचा? जेवण, राहणं आणि बस यांचे पैसे त्यातून जाणार का? जादा तासांचा पगार दुप्पट मिळायला हवा, तो चिठ्ठीवर वेगळा दिसतो का? भरतीसाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनुसार आता एक वर्ष पूर्ण झाल्यावरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. पूर्वी पाच वर्षं लागायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारखान्यात गेल्यावर स्क्रूच्या टेबलावर अडकू नका. लाइन लीडरला सांगून तपासणी विभागात जा, दुरुस्तीच्या टेबलावर जा, बोर्ड बनवणाऱ्या यंत्रांवर जागा निघाली तर हात वर करा. सुट्टीच्या दिवशी डिप्लोमाचा अभ्यास करा. ज्या मुलींनी हे केलं, त्या आज दुसऱ्या कंपन्यांत तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षक आहेत, त्यांना मी ओळखतो. कंपनी कुठेही गेली तरी त्यांचं कौशल्य त्यांच्याबरोबर जातं. ज्या फक्त टार्गेट पूर्ण करत राहिल्या, त्यांचं कौशल्य लाइनबरोबर संपलं.

सारांश

परदेशी कंपनीचा कारखाना हा देवाचा प्रसाद नाही आणि संकटही नाही. तो एक व्यवहार आहे. कंपनी जमीन, वीज, सवलती आणि तरुण हात बघून येते. आपण त्या बदल्यात काय घेतो, हे आपण काय मागतो त्यावर ठरतं. राज्याने मागायला हवं की सवलतीच्या अटींत कायम नोकऱ्या, राहण्याची सोय आणि प्रशिक्षण यांचा समावेश असावा, निव्वळ विक्रीच्या आकड्याचा नव्हे. गावाने मागायला हवं की भूमिपुत्रांसाठी आयटीआयच्या जागा कारखाना येण्याच्या दोन वर्षं आधी वाढाव्यात, नंतर नव्हे. आणि कामगाराने मागायला हवं ते शिकणं, पगाराइतक्याच आग्रहाने.

पुढच्या वेळी पेपरात हस्तांदोलनाचा फोटो बघाल, तेव्हा खालच्या आकड्यापाशी थांबू नका. त्या नोकऱ्या किती कायम, किती कंत्राटी, किती वर्षांच्या आणि किती दूरच्या, एवढे चार प्रश्न आपल्या आमदाराला, सरपंचाला, जमलं तर उद्योगमंत्र्यांना विचारा. विचारणारे वाढले की उत्तरं द्यावीच लागतात.

पुढच्या भागात आपण चिपचा कारखाना समजून घेऊ. तिथे पैसा याच्या कितीतरी पट लागतो, आणि माणसं मात्र फार थोडी. असं का, ते तेव्हा बोलू.